डिलीट आणि दिलगिरी

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. थोडा इतिहास आहे, थोडा कायदा आहे आणि शेवटी माझा स्वतःचा एक थकलेला हिशोब आहे. शेवटावर उडी मारू नका. मधलं वाचल्याशिवाय मलाही तो हिशोब कळला नव्हता.

६ जानेवारीला पत्रकार दिन झाला. आपल्याकडच्या कॉलेजने मला बोलायला बोलावलं होतं. विषय दिला होता 'सोशल मीडियावर व्यावसायिक प्रतिमा कशी जपावी'. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक सगळं रीतसर झालं. मीही रीतसर बोललो. प्रोफाइलवर साधा फोटो ठेवा, रात्री उशिरा रागात काही लिहू नका, नोकरी देणारा आधी तुमचं खातं बघतो, वगैरे वगैरे. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, चुकीची पोस्ट गेली तर काय करायचं?"

मी म्हणालो, "लगेच डिलीट करायची."

ती बसली. कार्यक्रम संपला. गाडी चालू करेपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की मी त्या पोरीला चुकीचं उत्तर दिलंय. आणि हे उत्तर चूक आहे हे माहीत असायला हवं, असा त्या हॉलमधला एकमेव माणूस मीच होतो.

का, ते सांगतो. पण आधी जरा मागे जाऊ.

ज्या दिवसाचा आपण पत्रकार दिन करतो, त्या दिवशी १८३२ साली मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं. त्यात एका बाजूला इंग्रजी मजकूर असायचा आणि दुसऱ्या बाजूला मराठी. म्हणजे साहेबाला काय वाटेल आणि आपल्या माणसाला काय वाटेल, हे दोन्ही डोक्यात ठेवून मराठीतलं पहिलं वृत्तपत्र निघालं. 'दर्पण' चालू असतानाच जांभेकर स्वतः एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकवू लागले. पगार तिकडचा आणि लेखणी इकडची. सांगायचा मुद्दा असा की नोकरी सांभाळून जाहीर बोलायचं कसं, हा प्रश्न मोबाईलबरोबर आलेला नाही. तो मराठीतल्या पहिल्या वृत्तपत्रापासून आहे.

पुढचं उदाहरण तर अगदी आजचं वाटेल.

१८४८ साली भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रं येऊ लागली. १८५० पर्यंत ती येत राहिली. आपण त्यांना शतपत्रे म्हणतो, प्रत्यक्षात ती १०८ आहेत. जातीचा अहंकार, बायकांची कोंडी, शिकलेल्यांचा आळस, पोकळ पांडित्य, कशालाही सोडलं नाही. लिहिणारे होते गोपाळ हरी देशमुख, वय पंचविशीचं आणि नोकरी सरकारी. पुढे ते मुन्सफ झाले, न्यायाधीश झाले, रावबहादूर झाले.

आजच्या भाषेत बोलायचं तर एका सरकारी नोकराने दुसरं खातं काढलं होतं. नोकरीचं नाव वेगळं आणि मत मांडायचं नाव वेगळं.

पण यात एक गोष्ट विसरू नका. टोपणनाव लेखकाचं असलं तरी ते पत्र छापणारा भाऊ महाजन नावाचा संपादक होता. पत्रावरून कोणी भांडायला आलाच, तर दार कुठलं वाजवायचं हे गावाला माहीत होतं. आजच्या बनावट खात्यांमध्ये आणि 'लोकहितवादीं'मध्ये मोठा फरक हाच. नाव झाकलेलं होतं, पण जबाबदारी झाकलेली नव्हती.

ही जबाबदारी पुढे कायद्यानेच कागदावर आणली. १८६७ साली इंग्रज सरकारने छापखाने आणि पुस्तक नोंदणीचा कायदा केला. छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रक कोण, प्रकाशक कोण, कुठे छापलं, हे लिहिणं भाग झालं. वर्तमानपत्र काढायचं तर मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन तसं लिहून द्यावं लागे. सरकारचा हेतू काही उदात्त नव्हता. पकडायचं कोणाला हे त्यांना माहीत हवं होतं. पण त्यातून आपल्या वर्तमानपत्रांना शेवटच्या पानाच्या तळाची ती बारीक अक्षरातली ओळ मिळाली. 'हे पत्र अमुक यांनी तमुक येथे छापून प्रसिद्ध केले.' पुढे त्यात संपादकाचं नावही आलं. हा कायदा दीडशे वर्षांहून जास्त टिकला. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला, पण ती ओळ काही गेली नाही.

त्या ओळीच्या आसपास आणखी एक वाक्य असतं. 'या अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही.' आमच्या पदविकेच्या वर्गात यावर विनोद चालायचे. आता फेसबुकवर निम्म्या लोकांच्या प्रोफाइलवर 'मते वैयक्तिक' असं लिहिलेलं असतं. ते त्याच वाक्याचं नातवंड आहे. फरक इतकाच की आजोबांनी जबाबदारीची ओळ आधी लिहिली होती आणि सुटकेचं वाक्य नंतर. नातवाने फक्त सुटकेचं वाक्य उचललं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ही शाळेत आपण सगळ्यांनी वाचलेली आहे, पण अर्धीच.

'केसरी' आणि 'मराठा' १८८१ च्या जानेवारीत सुरू झाले. आगरकर 'केसरी'चे संपादक, टिळक 'मराठा'चे. दोघांचाही जन्म जुलै १८५६ चा, म्हणजे पंचविशी गाठायला अजून काही महिने बाकी होते. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, वयाने कोवळे. त्यांना वेडं ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी कुजबुज होती. दोन्ही पत्रांनी हा विषय हातात घेतला आणि कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. आधार म्हणून काही पत्रं होती. दिवाणांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटल्यात ती पत्रं बनावट ठरली.

शाळेत आपण काय शिकलो? टिळक-आगरकरांना १०१ दिवसांचा तुरुंगवास झाला आणि आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं. बरोबर आहे. १७ जुलै १८८२ ला चार महिन्यांची शिक्षा झाली आणि २६ ऑक्टोबरला डोंगरीच्या तुरुंगातून दोघे सुटले. टिळकांचा सव्विसावा वाढदिवस, २३ जुलै, तुरुंगातच गेला. हे सगळं आपल्याला अभिमानाने सांगितलं गेलं.

पण मधला भाग कोणी सांगत नाही. त्यांनी खोट्या कागदावर विश्वास ठेवून एका माणसावर आरोप छापले होते. चूक झाली होती. आणि ती चूक ध्यानात आल्यावर त्यांनी बर्व्यांची माफी मागितली होती. माफीने खटला थांबला नाही, शिक्षा व्हायची ती झालीच.

आणखी एक भाग आहे, तो तर जास्त अवघड. १८८३ च्या डिसेंबरमध्ये हेच शिवाजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात, देखरेखीखाली असताना, एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मरण पावले. म्हणजे त्या पोराचं काही बरं चाललेलं नाही ही काळजी खरी होती. फक्त हातातला कागद खोटा होता.

आम्हा पत्रकारांची गफलत नेहमी इथेच होते. विषय खरा आहे ना, मग पुरावा थोडा इकडे-तिकडे असला तर काय बिघडलं? बिघडतं. ज्याचं नाव छापलं त्याचं बिघडतं.

मग एवढी चूक होऊन टिळक-आगरकरांची प्रतिमा का ढासळली नाही? उलट सुटकेच्या दिवशी लोक स्वागताला आले. खटल्याच्या वेळी जोतीराव फुल्यांच्या शब्दावर रामशेठ उरवणे यांनी त्यांना जामीन दिला होता. फुले आणि ही मंडळी यांच्या वाटा किती वेगळ्या, हे सांगायला नको. तरीही फुले मदतीला धावले.

याची कारणं बरीच असतील. परक्या सरकारचा राग होता, गादीबद्दलची माया होती. पण मला एक कारण स्पष्ट दिसतं. त्यांनी अंगावर आलेलं टाळलं नाही. हे आम्हीच छापलं आणि चूकही आमचीच, हे त्यांनी नावानिशी कबूल केलं. अंक निघून गेलेला होता. घरोघरी गेलेला अंक मागे घेता येत नाही. त्या काळी डिलीटचं बटण नव्हतं, म्हणून दिलगिरी होती.

आपल्याकडे प्रतिमा म्हणजे आपण चांगले कसे दिसू याचा विचार. त्या पिढीकडे प्रतिमा म्हणजे चुकलो तर सापडू कुठे, याचा पत्ता. पुढे प्रेस कौन्सिलने जी आचारसंहिता केली तिच्यातही हेच आहे. चूक लक्षात आली की स्वतःहून, लवकर आणि ठळक जागी दुरुस्ती छापा. चूक गंभीर असेल तर दिलगिरी व्यक्त करा.

इतर व्यवसायांचंही थोडं बघू, कारण हा प्रश्न फक्त पत्रकारांचा नाही. आपल्या बाजारपेठेत वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या जुन्या पाट्या आठवा. लहान, काळ्या अक्षरातल्या. त्या लहान होत्या याला कारण नम्रता नव्हे, नियम होता. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ३६ व्या नियमाने वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे. पाटी वाजवी आकाराचीच हवी. आपण वकील संघाचे अध्यक्ष आहोत किंवा पूर्वी न्यायाधीश होतो, हेही तिच्यावर लिहायचं नाही. २००८ साली थोडी सूट मिळाली. वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं देता येतं. त्यापलीकडे नाही.

डॉक्टरांसाठी २००२ चे नियम आहेत. पाटी अवास्तव मोठी नको. औषधाच्या दुकानावर स्वतःची पाटी लावायची नाही. वर्तमानपत्रात निवेदन द्यायचं ते दवाखाना सुरू केला, जागा बदलली, बाहेरगावी आहे, परत आलो, अशा कारणांसाठी. आमच्या अंकात अशी दोन बोटं रुंदीची निवेदनं मी स्वतः घेतलेली आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने नवे नियम आणले, त्यात सोशल मीडियावर एक वेगळा भागच होता. रुग्णाचे फोटो टाकू नका, त्याच्या उपचाराची जाहीर चर्चा करू नका, लाइक्स आणि फॉलोअर्स विकत घेऊ नका. पण बाकीच्या काही तरतुदींवरून डॉक्टरांमध्ये ओरड झाली आणि तीन आठवड्यांतच ते सगळे नियम स्थगित झाले.

आता आपल्या चौकातले फ्लेक्स बघा आणि मोबाईलमधल्या रील्स बघा. पाटीचा आकार ठरवणारे नियम कागदावर आहेत आणि पाटी हातातल्या फोनमध्ये गेली आहे. तिथे आकारच नाही.

मग सरकारने काय केलं? आधी दांडका उचलला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ अ हे कलम घातलं. दुसऱ्याला त्रासदायक वाटेल असा मजकूर पाठवला तरी तुरुंगाची तरतूद. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले. मुंबई बंद होती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. तिथल्या एका मुलीने बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. मी तेव्हा तालुका बातमीदार होतो. ऑफिसात आम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतो की फक्त लाइक केलं म्हणून अटक? नंतर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं.

चांगलं झालं. तेव्हा मी अग्रलेखाच्या थाटात पोस्टही टाकली होती. पण कलम गेलं म्हणजे अब्रुनुकसानीचा गुन्हा गेला असं नाही, तो आजही आहे. आणि कायद्यात न बसणारी अब्रू असते तिचं काय, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आलाच नाही.

गेल्या जुलैत, २०२५ मध्ये, राज्य सरकारने कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा. वैयक्तिक खात्यावर सरकारी चिन्ह, गणवेश, गाडी, इमारत दाखवणारे फोटो-रील्स नकोत. सरकारच्या धोरणांवर टीका नको. गोपनीय कागद टाकू नका. बदली झाली की कार्यालयीन खातं पुढच्या माणसाच्या ताब्यात द्या. यातलं गणवेशाचं आणि गोपनीय कागदाचं मला पटतं. टीकेचं अजिबात पटत नाही. १८४८ साली असं परिपत्रक काटेकोर पाळलं गेलं असतं, तर शतपत्रं लिहिलीच गेली नसती. पण या परिपत्रकांमध्ये, नियमांमध्ये मी एक गोष्ट शोधत होतो. काय टाकू नका याची यादी सगळीकडे असते. चुकीचं टाकून झाल्यावर ज्याचं नुकसान झालं त्याला काय द्यायचं, हे शोधावं लागतं.

आता माझा हिशोब.

२०१७ चा पावसाळा. एका गावातून माझ्या मोबाईलवर एका पत्राचा फोटो आला. वहीच्या रेघी कागदावर लिहिलेलं, खाली अकरा सह्या-अंगठे. जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक पोषण आहाराचा तांदूळ बाहेर विकतात, असा मजकूर. बातमी म्हणून पाठवली असती तर डेस्कवरच्या उपसंपादकाने विचारलं असतं, "मुख्याध्यापकांची बाजू कुठाय?" मला ते माहीत होतं, म्हणून बातमी केलीच नाही. फेसबुकवर टाकलं. पत्राचा फोटो, गुरुजींचं नाव, शाळेचं नाव आणि वर माझी ओळ, 'लेकरांच्या तोंडचा घास कोण पळवतंय?'

गुरुजींना फोन केला नाही. सह्या करणाऱ्यांपैकी एकालाही भेटलो नाही. पेपरला जी पथ्यं पाळत होतो ती फोनवर पाळायची असतात असं मला वाटलंच नाही. तिथे मी पत्रकार नव्हतो, 'वैयक्तिक' होतो. पण लोकांनी पोस्ट वाचली ती मी पत्रकार आहे म्हणूनच.

शेकडो लोकांनी ती पुढे पाठवली. तिसऱ्या दिवशी विस्तार अधिकारी चौकशीला गेले. साठा नोंदवही आणि पोती जुळली. सह्या करणाऱ्यांपैकी एकजण आदल्या वर्षीच वारलेला होता. दोघांनी सांगितलं, आम्ही सही केलीच नाही. शाळा व्यवस्थापन समितीतल्या भांडणातून कोणीतरी ते पत्र लिहिलं होतं.

मला हे त्याच संध्याकाळी कळलं. रात्री अकराला मी पोस्ट डिलीट केली. एक ओळही लिहिली नाही. मनाला सांगितलं, चूक सुधारली. खरं सांगायचं तर मी माझी प्रतिमा वाचवली होती. दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं तर दाखवायला काहीच नव्हतं आणि मला तेच हवं होतं.

कॉलेजच्या कार्यक्रमानंतरच्या रविवारी मी गुरुजींच्या घरी गेलो. ते २०२१ साली निवृत्त झालेत. मला ओळखलं. "या, बसा," म्हणाले आणि आत बघून, "अहो, चहा टाका जरा." मी कशासाठी आलोय ते सांगितलं. सांगताना जीभ जड झाली.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही ती काढलीत ते मला कळलं होतं. पण काढल्यामुळे काय झालं, माहिती आहे का? लोक म्हणाले, मास्तरने दबाव आणून काढायला लावली. म्हणजे त्यात तथ्य असणार."

मी गप्प.

"चौकशीचा अहवाल माझ्याकडे आहे. पण तो कोण वाचतो हो? तुमच्या पोस्टचा फोटो मात्र लोकांच्या मोबाईलात होता. तुम्ही त्याच जागी दोन ओळी लिहिल्या असत्या, की चूक झाली, तर मलाही दाखवायला काहीतरी राहिलं असतं. निरोप समारंभाच्या दिवशीसुद्धा मागून कोणीतरी 'खिचडीवाले' म्हणून हसलं. पोरंच ती. पण मी ऐकलं."

त्यांच्या मिसेसनी चहा आणून ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर चहाही दिला नसता.

मी विचारलं, "गुरुजी, आता लिहू का?"

म्हणाले, "लिहा. पण माझं नाव नको, गावाचंही नको. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. नव्याने ओळख नको."

म्हणून ही पोस्ट.

टिळक-आगरकरांशी मी माझी तुलना करत नाही, कोणी तसं समजूही नये. तुलना फक्त कागदाची आहे. खोटा कागद त्यांच्या हातात आला, तसाच माझ्याही हातात आला. ते फसले, मीही फसलो. त्यांच्याकडे अंक मागे घ्यायची सोय नव्हती, त्यामुळे माफी मागणं भाग होतं. माझ्याकडे सोय होती आणि मी ती वापरली. १३५ वर्षांत यंत्रं इतकी सुधारली की चूक कबूल न करता पुसता येऊ लागली. पुसली जाते ती फक्त आपल्या भिंतीवरून. दुसऱ्याच्या कपाळावरची तशीच राहते.

कॉलेजमधल्या त्या ताईला, तिचं नाव विचारायचं राहिलं, मला माझं उत्तर दुरुस्त करून द्यायचंय. चुकीची पोस्ट गेली तर डिलीट करून गप्प बसायचं नाही. तिच्या जागी, त्याच खात्यावर, त्याच लोकांना दिसेल असं लिहायचं की काय चुकलं, कोणाबद्दल चुकलं आणि खरं काय आहे. लोक चार दिवस हसतील. तुमची प्रतिमा थोडी पडेल. पण ज्याची तुम्ही पाडली त्याच्या हातात निदान एक कागद येईल. बाकी प्रोफाइलवर फोटो कुठला ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता पेपरात जसा छापला असता तसा :

खुलासा. या खात्यावरून २०१७ च्या पावसाळ्यात एका जिल्हा परिषद शाळेच्या तत्कालीन मुख्याध्यापकांवर पोषण आहाराच्या तांदळाबाबत आरोप करणारी पोस्ट प्रसिद्ध झाली होती. ती ज्या पत्रावर आधारलेली होती ते पत्र बनावट होते. चौकशीत तांदळाचा साठा नोंदीप्रमाणे पूर्ण आढळला. कोणतीही खातरजमा न करता ती पोस्ट मी टाकली आणि नंतर खुलासा न देता काढून टाकली. संबंधित मुख्याध्यापक पूर्णपणे निर्दोष होते. त्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना झालेल्या मनस्तापाबद्दल मी दिलगीर आहे. हा खुलासा साडेआठ वर्षे उशिरा देत आहे, त्याबद्दलही दिलगीर आहे.

ज्यांच्या मोबाईलमध्ये त्या जुन्या पोस्टचा फोटो अजून असेल, त्यांनी तो जिथे जिथे पाठवला होता तिथे हा खुलासाही पाठवावा, ही हात जोडून विनंती.

ही पोस्ट मी काढणार नाही.